धाराशिवातले गणवेश

मुलांना गणवेश घालून रांगेत उभे केले की त्यांना शिस्त लागते, संकटात ती डगमगत नाहीत आणि गावाविषयी त्यांची आपुलकी वाढते, हा समज आपल्याकडे जुना आहे. अधूनमधून कोणीतरी शाळांत सैनिकी शिक्षण आणण्याची घोषणा करतो, पालक टाळ्या वाजवतात आणि पुढच्या घोषणेपर्यंत विषय मिटतो. दुसऱ्या बाजूला, कवायत म्हटली की थेट हिटलरची तरुण पथके आठवणारी मंडळीही आहेत. दोघांचे एका बाबतीत मात्र एकमत असते: गुण असो वा अवगुण, तो गणवेशातच आहे. हा वाद तत्त्वांच्या पातळीवर कितीही वेळ घालता येईल. तो एखाद्या जिल्ह्याच्या इतिहासावर घासून पाहायचा असेल तर धाराशिव, म्हणजे कालपर्यंतचे उस्मानाबाद, हे ठिकाण सोयीचे आहे. या जिल्ह्याने गेल्या शंभर वर्षांत स्वयंसेवकांवरची बंदी पाहिली, गणवेशाची दहशत पाहिली, सक्तीची कवायत पाहिली आणि ढिगाऱ्यावर राबणारे गणवेशही पाहिले. या सगळ्याकडे एकत्र पाहिल्यावर मला असे वाटते की संघटना गावाला बळ देते की गावाच्या मानेवर बसते, हे तिच्या कवायतीवरून ठरत नाही. पथकाबाहेरच्या माणसाला तिच्याकडून काय मिळते आणि कवायत थांबल्यावर तिच्यामागे काय उरते, यावरून ते ठरते.

निजामी राजवटीतला हा जिल्हा आजच्यापेक्षा बराच मोठा होता. लातूर, औसा हा सारा भाग त्यात मोडत असे. लातूर वेगळे झाले ते १९८२ साली. पश्चिमेला बार्शी आणि सोलापूर ब्रिटिश मुलखात होते आणि ही हद्द नुसती महसुली नव्हती. हद्दीपलीकडे डॉ. ना. सु. हर्डीकरांचे हिंदुस्थानी सेवादल १९२३ पासून काँग्रेसच्या स्वयंसेवकांना कवायत शिकवत होते, १९२५ साली नागपुरात राष्ट्रीय स्वयंसेवक संघ निघाला होता, आणि महाडच्या सत्याग्रहाच्या काळात डॉ. आंबेडकरांच्या चळवळीतून समता सैनिक दल उभे राहत होते. हद्दीअलीकडे मात्र ‘गश्ती नंबर ५३’ या नावाने कुप्रसिद्ध झालेल्या हुकुमामुळे साधी सभा घ्यायलाही सरकारी परवानगी लागत होती, आणि आखाडे-तालमींवरही सरकारची करडी नजर असे. चार तरुण एका जागी नियमाने जमतात, एकाच्या सांगण्यावरून एकदम उभे राहतात, याचीच सत्तेला धास्ती होती. ती अनाठायी होती असे म्हणता येणार नाही. नियमाने जमण्याची सवय हीच संघटनेची पहिली पायरी असते, हे निजामाच्या अंमलदारांना आपल्या अनेक शिक्षणतज्ज्ञांपेक्षा आधी कळले होते.

अशा वातावरणात १९२१ साली हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा निघाली. आजच्या लोहारा तालुक्यातले हे खेडे. व्यंकटराव देशमुख आणि अनंतराव कुलकर्णी यांनी असहकाराच्या लाटेत ती शाळा सुरू केली. संस्थानात शिक्षणाची सरकारी भाषा उर्दू होत चालली असताना ही शाळा मराठीतून शिकवत होती आणि सरकारी अनुदानाच्या वाटेला गेली नव्हती. १९२९ साली तिथे एक तरुण मुख्याध्यापक म्हणून आला. त्याचे नाव व्यंकटेश खेडगीकर. सोलापूर, अमळनेर आणि पुण्याच्या टिळक महाराष्ट्र विद्यापीठात शिकलेला, आणि ना. म. जोशी यांच्याबरोबर कामगार चळवळीत काम केलेला हा माणूस हिप्परग्यात असतानाच संन्यासी झाला आणि पुढे स्वामी रामानंद तीर्थ म्हणून हैदराबादच्या मुक्तिसंग्रामाचा नेता ठरला. १९३५ च्या सुमारास ते मोमिनाबादला, म्हणजे अंबाजोगाईला, गेले आणि तिथेही त्यांनी शाळाच चालवली. हिप्परग्यात बंदुका नव्हत्या की बँड नव्हता. राष्ट्रीय शाळांची ओळख म्हणजे खादी, आणि तोच तिथला गणवेश म्हणायचा तर म्हणता येईल. पण १९३८ साली हैदराबाद स्टेट काँग्रेसने सत्याग्रह पुकारला तेव्हा या भागातून तुरुंगात जायला जी माणसे निघाली, त्यांच्यामागे अशा शाळांतल्या वर्षानुवर्षांच्या सहवासाचे बळ होते. सत्याग्रहींची फळी एका दिवसात उभी राहत नाही. ती वसतिगृहाच्या एका पंगतीत, एका घंटेवर उठण्यात हळूहळू घडते.

हिप्परग्यावर सगळे श्रेय टाकणे सोपे आहे, पण ते खरे होणार नाही. त्याच वर्षांत आर्य समाजानेही या भागात मुळे धरली होती. उमरगा तालुक्यातल्या गुंजोटीचा वेदप्रकाश हा त्या चळवळीचा पहिल्या हुतात्म्यांपैकी एक. डिसेंबर १९३८ मध्ये लोकनायक बापूजी अणे यांच्या अध्यक्षतेखाली सोलापुरात आर्य परिषद भरली आणि १९३९ च्या जानेवारीपासून ऑगस्टपर्यंत सत्याग्रहींच्या तुकड्या हैदराबादेत शिरत राहिल्या. या दोन्ही प्रवाहांच्या कडेला उभा असलेला आणखी एक समाज होता. स्वातंत्र्याच्या घोषणांत आपल्या वाट्याला काय येणार, हा प्रश्न त्याला पडणे साहजिक होते. फेब्रुवारी १९४१ मध्ये कसबे तडवळे येथे महार-मांग वतनदारांची परिषद भरली. डॉ. आंबेडकर बार्शी लाइट रेल्वेने आले आणि त्यांची बैलगाडीतून मिरवणूक निघाली. ज्यांना गावकीत शेवटच्या जागेवरच उभे राहावे लागे, त्या माणसांनी हजारोंच्या संख्येने एकत्र येऊन एक परिषद नीट पार पाडणे, ही गोष्ट कोणत्याही संचलनाइतकीच मोठी शिस्त मानली पाहिजे. आपण तिची गणना त्या खात्यात करत नाही, कारण तिथे बिगुल वाजला नव्हता.

आता या इतिहासातले सर्वांत अवघड पान. या जिल्ह्याच्या स्मृतीत सर्वांत ठसठशीत राहिलेला गणवेश रझाकारांचा आहे. मजलिस-ए-इत्तेहादुल मुस्लिमीन या पक्षाचे हे स्वयंसेवक दल बहादूर यार जंग यांच्या काळात सुरू झाले. १९४६ नंतर त्याची सूत्रे कासीम रझवीच्या हाती गेली. रझवी लातूरचा वकील होता, म्हणजे तेव्हाच्या हिशेबाने उस्मानाबाद जिल्ह्यातलाच. शपथ, कवायत, हुद्दे, गणवेश, एका हाकेवर जमणारे तरुण, असे युवक संघटनेच्या पुस्तकात जे जे सांगितलेले असते, ते सगळे त्याच्याकडे होते. निष्ठा, त्याग आणि ‘समाजासाठी’ ही भाषाही होती. फक्त तो समाज म्हणजे गाव नव्हते. गावातल्या निम्म्याहून अधिक घरांना या पथकाकडून संरक्षण मिळायचे नव्हते, पथकापासून संरक्षण हवे होते. १९४७-४८ मध्ये लूट, जाळपोळ आणि खून यांनी सीमेवरची गावे ओस पडू लागली आणि माणसे बार्शी-सोलापूरकडे आश्रयाला गेली. मतभेद दाखवणारा मुसलमानही या दलाला चालत नव्हता. ‘इमरोज’चे संपादक शोएबुल्ला खान यांचा ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादेत झालेला खून हा त्याचा पुरावा आहे.

रझाकार म्हणजे राजकीय खाजगी सेना, तिची तुलना शाळकरी बालवीरांशी कशाला, असा आक्षेप इथे येईल. आक्षेप रास्त आहे, पण तो मूळ मुद्द्याला बळकटीच देतो. कवायतीने चारित्र्य घडते हा सिद्धांत मांडायचा आणि कवायत करून ज्यांचे चारित्र्य बिघडले त्यांना व्याख्येतूनच वगळायचे, ही पळवाट झाली. रझाकारांत सामील झालेल्या पोरांपैकी बहुतेक साधी, गरीब, मान मिळण्याच्या आशेने आलेली असणार. अठरा वर्षांच्या पोराला गणवेशाने जी ताठ मान मिळते ती त्याला बालवीर पथकातही मिळते आणि तिथेही मिळाली. फरक पडला तो दलाचा हिशेब कोण विचारणार यात. गावाच्या पंचांनी, शिक्षकांनी, आईबापांनी विचारावा अशी सोय त्या दलात नव्हती. जबाबदारी वर नेत्याकडे होती, खाली गावाकडे नव्हती.

या दहशतीचा शेवट याच जिल्ह्यातून सुरू झाला. १३ सप्टेंबर १९४८ रोजी सोलापूर-हैदराबाद रस्त्याने भारतीय फौजा आत शिरल्या आणि पहिली चकमक नळदुर्गला झाली. बोरी नदीवरचा पूल शाबूत हाती लागला म्हणून पुढची वाट मोकळी झाली. तुळजापूरला संस्थानी पायदळाची एक तुकडी आणि सुमारे दोनशे रझाकार दोनेक तास लढले आणि शरण आले. १७ सप्टेंबरला निजामाने माघार घेतली. आपली बहुतेक भाषणे इथे थांबतात. पण युवक, शिस्त आणि समाज यांच्याविषयी काही शिकायचे असेल तर पुढचे काही आठवडे टाळता येत नाहीत. पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री यांच्या समितीने त्याच वर्षाच्या अखेरीस संस्थानात फिरून केंद्र सरकारला अहवाल दिला. या मोहिमेच्या, म्हणजे सरकारी भाषेतल्या ‘पोलीस कारवाई’च्या, वेळी आणि नंतर सर्वाधिक हानी झालेले चार जिल्हे म्हणून समितीने उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड यांची नावे घेतली. या चार जिल्ह्यांत मिळून मारल्या गेलेल्यांची संख्या अठरा हजारांहून कमी नसावी, असा तिचा अंदाज होता. मारले गेलेले बहुसंख्य मुसलमान होते आणि त्यांतले असंख्य लोक रझाकार नव्हते. सोलापूर आणि इतर शहरांतून आलेली, प्रशिक्षण घेतलेली हत्यारबंद माणसे काही ठिकाणी दंगेखोरांच्या पुढे होती, असेही समितीने नोंदवले. शेजाऱ्यांना वाचवणारे हिंदूही होते, याचीही नोंद तिने केली आहे. अहवाल अनेक दशके दडवून ठेवला गेला. आकड्यांवर वाद होऊ शकतो आणि झालाही आहे. पण दुसऱ्या बाजूची कवायतसुद्धा सूडाच्या कामी आली, ही गोष्ट आकडा कमी केल्याने पुसली जात नाही. रझाकारांच्या अत्याचारांना ते उत्तर होते असे म्हणणारे आजही भेटतात. त्यांना एवढेच सांगायचे की ज्यांनी उत्तर द्यायला हवे होते ते पळाले होते किंवा कैदेत होते. मेले ते भलतेच.

या धगीतून बाहेर पडलेल्या जिल्ह्यात मग सरकारी गणवेश आले. राष्ट्रीय छात्र सेना १५ जुलै १९४८ रोजी सुरू झाली होती, म्हणजे उस्मानाबादची मुले भारतात सामील होण्याच्या दोन महिने आधी. तिची शिफारस करणाऱ्या समितीचे अध्यक्ष पंडित हृदयनाथ कुंझरू होते. हे तेच कुंझरू, ज्यांनी १९१८ च्या सुमारास अलाहाबादेत सेवा समितीची बालवीर संघटना उभी करायला हात लावला होता. कारण भारतातली पहिली बालवीर पथके गोऱ्या आणि अँग्लो-इंडियन मुलांपुरती होती. गोखल्यांच्या भारत सेवक समाजात वाढलेल्या या गृहस्थाला गणवेश हवा होता तो सेवेसाठी. १९५० साली निरनिराळ्या बालवीर संघटना एकत्र होऊन भारत स्काऊट्स अँड गाईड्स झाली आणि मराठवाड्यातल्या शाळांत बालवीर-वीरबालांची पथके दिसू लागली. १९६२ च्या चीन युद्धाने मात्र सगळे फिरवले. १९६३ साली छात्र सेना महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना सक्तीची झाली आणि १९६८ मध्ये ती सक्ती काढावी लागली. पाच वर्षांत लाखो मुलांनी बूट आपटले, पण त्यातून देशाची मने घट्ट झाली असा दावा त्या योजनेच्या समर्थकांनीही फारसा केलेला नाही. शिक्षक कमी, साधने कमी आणि मुले कंटाळलेली, अशी ती कवायत होती. सक्तीची मागणी पुन्हा करणाऱ्यांनी ही पाच वर्षे एकदा चाळून पाहावीत.

सक्ती गेल्यावर लगेचच, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, गांधी जन्मशताब्दीच्या निमित्ताने ३७ विद्यापीठांत राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. तिच्यात खरा फरक काय होता? कवायतीच्या मैदानाऐवजी गाव हे शिक्षणाचे ठिकाण ठरले. लवकरच १९७२ चा दुष्काळ आला. मराठवाड्यातली निम्मी माणसे खडी फोडायच्या आणि बंडिंगच्या कामावर गेली असे वाटावे असे ते दिवस होते. १९७३ च्या शिबिरांसाठी योजनेने देशभर दुष्काळविरोधी युवक हाच विषय घेतला. हे विद्यार्थी दुष्काळ हटवू शकणार नव्हते, तो हटवला रोजगार हमीने आणि पुढच्या पावसाने. पण दुष्काळी कामावर आपल्याच वयाची, शाळा सुटलेली मुले पाहणे, त्यांच्यासोबत टिकाव धरणे, ही शिकवण कोणत्याही बौद्धिकात मिळाली नसती. इथे गणवेश जवळपास नव्हताच, छातीवर कोणार्कच्या चाकाचा एक बिल्ला होता.

समाजवाद्यांचे राष्ट्र सेवा दल या सगळ्यांत वेगळ्या जागी उभे होते आणि त्याच्याबद्दल थोडे थांबून बोलले पाहिजे. ४ जून १९४१ रोजी पुण्यात ते नव्याने उभे राहिले, एस. एम. जोशी दलप्रमुख झाले. शाखा, कवायत, गणवेश, खेळ हा सगळा साचा त्यांनी जाणूनबुजून स्वीकारला, कारण तरुण मुले या साच्याकडे ओढली जातात हे त्यांनी समोर पाहिले होते. मात्र साच्यात मुलगे-मुली एकत्र आणले, सर्व जाती-धर्म आणले आणि कलापथक आणले. निळू फुले, स्मिता पाटील अशी माणसे त्या कलापथकांतून पुढे आली, हे पुष्कळांना ठाऊक असते. १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींनी पंढरपूरचे मंदिर दलितांना खुले व्हावे म्हणून उपोषण केले. त्याआधी सेवा दलाची पथके त्यासाठी महाराष्ट्रभर हिंडली होती. टीकाकार म्हणतात की कवायत आणि समाजवाद यांचे लग्न टिकले नाही, शाखा रोडावल्या, गाणी उरली. हे बरेचसे खरे आहे. तरी धाराशिवच्या बाबतीत सेवा दलाने जे मागे ठेवले ते गाण्यांपेक्षा जड आहे, आणि त्याचा संबंध १९९३ शी आहे.

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट, ३ वाजून ५६ मिनिटे. गणपती विसर्जन आटोपून गावे झोपली होती. किल्लारी लातूर जिल्ह्यातले, पण सास्तूर, होळी, राजेगाव, पेठसांगवी ही आपल्या जिल्ह्यातली गावेही त्याच हिसक्यात गेली. दगड-मातीच्या जाड भिंती आणि त्यांवर मातीचे जड माळवद, ही उन्हाळ्यात थंडावा देणारी घरेच थडगी झाली. दोन्ही जिल्ह्यांत मिळून सुमारे आठ हजार माणसे मेली. बावन्न गावे नव्या जागी वसवावी लागली. पहिले काही तास ढिगारे उपसले ते वाचलेल्यांनी आणि शेजारच्या गावच्या लोकांनी, उघड्या हातांनी. नंतर लष्कर आले, पोलीस आले, महाविद्यालयांतले सेवा योजनेचे विद्यार्थी आले, संघाचे आणि सेवा दलाचे स्वयंसेवक आले. त्याच वेळी बघ्यांची इतकी गर्दी लोटली की रस्ते अडले. गणवेशाचा एक अगदी व्यावहारिक उपयोग इथे लक्षात येतो: मदतीला आलेला कोण आणि तमाशा पाहायला आलेला कोण, हे लांबून कळते. पावसात, चिखलात, प्रेतांच्या राशीत, ज्या मुलांना एकाच्या सूचनेवर एकत्र काम करण्याची सवय होती ती इतरांपेक्षा कमी गोंधळली, यात आश्चर्य नाही. कवायतीचा हा फायदा मान्य करायला मला अडचण वाटत नाही. फक्त तो आठवडाभराचा फायदा आहे.

आठवडा संपल्यावर काय, हा प्रश्न महत्त्वाचा ठरला. भूकंपात पोरकी झालेली मुले कोठे जाणार? भारतीय जैन संघटनेचे शांतिलाल मुथ्था यांनी सुमारे बाराशे मुले पुण्याला नेली आणि त्यांच्यासाठी वाघोलीला शैक्षणिक पुनर्वसनाचे केंद्र चालवले. ते काम मोठेच होते. पण काही संस्थांनी मुले इथेच ठेवायचे ठरवले. राष्ट्र सेवा दलाच्या पन्नालाल सुराणा यांनी नळदुर्गजवळ ‘आपलं घर’ उभे केले. संघाच्या जनकल्याण समितीने लातूरजवळ हरंगुळला निवासी विद्यालय काढले. पुण्याची ज्ञान प्रबोधिनी, जिची ओळख गणेशोत्सवातल्या बरची पथकांमुळे घरोघरी झाली, ती लोहारा तालुक्यात हराळीला आली आणि तिथे शेतीला जोडलेली निवासी शाळा सुरू झाली. या तिघांचे विचार एकमेकांशी जुळत नाहीत. एका व्यासपीठावर बसवले तर पहिल्या तासातच वाद होईल. तरी तिघांनीही तंबू गुंडाळल्यावर एकच गोष्ट केली, शाळा काढली. आणि त्यांपैकी एक शाळा तर हिप्परग्याच्याच तालुक्यात, सात दशकांनी. हा योगायोग म्हणून सोडून देता येईल. मला तो या जिल्ह्याच्या इतिहासाचा नियम वाटतो. रझाकारांनी दोन वर्षांत हजारो तरुणांना गणवेश दिला आणि मागे एक वसतिगृहही ठेवले नाही. १९६३ ची सक्ती मागे काही ठेवून गेली असेल तर ती जुने बूट. जी पथके टिकली ती चुलीपाशी आणि फळ्यापाशी टिकली.

या मांडणीवर सर्वांत भक्कम आक्षेप दुसऱ्याच दिशेने येतो, आणि तो टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. भूकंपानंतर घरदुरुस्तीचा मोठा कार्यक्रम जागतिक बँकेच्या मदतीने राबवला गेला. त्यात गावोगाव लोकांना समजावण्याचे, भिंती मजबूत करायचे तंत्र शिकवण्याचे आणि सरकारी यंत्रणेला गावाचे गाऱ्हाणे सांगण्याचे काम प्रेमा गोपालन यांच्या स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेने उभ्या केलेल्या ‘संवाद सहायक’ बायकांनी केले. त्यांतल्या अनेक जणी त्याआधी घराच्या उंबऱ्याबाहेर सभेला बसल्या नव्हत्या. अणदूरला डॉ. शशिकांत अहंकारी यांच्या हॅलो मेडिकल फाउंडेशनने गावातल्या बायकांनाच आरोग्याचे प्रशिक्षण देऊन ‘भारतवैद्य’ केले. यांना कवायत ठाऊक नव्हती, मैदान माहीत नव्हते. मग संकटाला तोंड देण्याची गावाची ताकद जर अशा बिनगणवेशाच्या बायकांनी वाढवली, तर युवक दलांचे कौतुक कशाला? या प्रश्नाचे माझे उत्तर असे. या बायकांकडे जे होते ते त्याच मालाचे आहे, ज्याच्यासाठी कवायत करायची असते: नियमाने जमणे, ठरलेले काम पुरे करणे, गावापुढे हिशेब देणे आणि आपल्या जातीच्या-आळीच्या बाहेरच्या घरात शिरणे. त्या वयाने मोठ्या होत्या, त्यांच्या अंगावर घर होते, त्यामुळे ही शिस्त त्यांच्यात आधीपासून मुरलेली होती. सतरा वर्षांच्या पोराला ती कोठून तरी शिकावी लागते आणि गणवेश त्याला ती लवकर शिकवू शकतो. पण पोहोचायचे ठिकाण त्या बायकांचे आहे, संचलनाचे नाही. जिल्ह्याच्या युवक संघटनांनी शिक्षक म्हणून निवृत्त फौजदारांइतकेच या बायकांना बोलावले असते तर फार बरे झाले असते.

दुसरा आक्षेप आजचा आहे: सेवा योजना कागदावर चालते, छात्र सेनेत मुले प्रमाणपत्राच्या गुणांसाठी आणि भरतीसाठी येतात. येतात, आणि त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. निती आयोगाने २०१८ साली देशातल्या मागास जिल्ह्यांची जी यादी केली तीत महाराष्ट्रातल्या चार जिल्ह्यांत हा एक होता. अशा ठिकाणी गणवेशाकडे पाहणाऱ्या मुलाला त्यात पोलीस भरती दिसणे स्वाभाविक आहे. स्वार्थाने आलेला मुलगा सेवेत रमतो की नाही, हे त्याला काय काम दिले जाते यावर अवलंबून असते. सेवा योजनेत स्वयंसेवकाने वर्षाला १२० तास काम करायचे असते आणि सात दिवसांचे एक हिवाळी शिबिर असते. ते तास फलक धरून फेऱ्या काढण्यात गेले तर कागदावरच राहणार. सप्टेंबर २०२५ मध्ये भूम-परंडा भागात, जिथे टँकरची सवय होती तिथे, नद्यांनी गावे वेढली आणि माणसे काढायला हेलिकॉप्टर आणावे लागले. अशा वेळी पथक येईपर्यंतचे तास गावाचेच असतात. कोणत्या घरात अंथरुणाला खिळलेली म्हातारी आहे, कोणाचा गोठा ओढ्याकाठी आहे, हे ठाऊक असलेली पाच मुले गावात असणे हे गणवेशातल्या पन्नास परक्या मुलांपेक्षा उपयोगाचे असते. ते ठाऊक होते ते त्याच गावात पुन्हा पुन्हा गेल्याने.

म्हणून जिल्ह्यातल्या महाविद्यालयांच्या प्राचार्यांना, कार्यक्रम अधिकाऱ्यांना आणि पथकप्रमुखांना तीन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. दरवर्षी नवे गाव दत्तक घेऊन नवा फलक लावण्याऐवजी एकच गाव पाच-सात वर्षे धरावे. शिबिराच्या अखेरीस गावसभेसमोर हिशेब मांडावा, पाहुण्यांच्या सत्कारात ती संध्याकाळ घालवू नये. आणि १७ सप्टेंबरला मुक्तिसंग्राम दिनाच्या संचलनात उभ्या राहणाऱ्या मुलांना हिप्परग्याची शाळा दाखवावी, नळदुर्गचा पूल दाखवावा, आणि सुंदरलाल समितीने या जिल्ह्याबद्दल काय लिहिले तेही वाचायला द्यावे. यासाठी नवा शासननिर्णय लागत नाही. गाव दत्तक घेण्याची तरतूद सेवा योजनेत आहेच, आणि एकच गाव सलग धरायला कोणत्याही नियमाने मनाई केलेली नाही.